रोजच्या रूटवर दोन रोड सायकली कशा ताडून बघायच्या

दुकानासमोर एक राऊंड मारून काय बी कळत न्हाई भावांनो, दोन्ही सायकली भारीच वाटतात. रोजच्याच रस्त्यावर चालवायच्या, माझा रूट रंकाळा ते शिवाजी विद्यापीठ, एक दिवस ही आणि दुसऱ्या दिवशी ती, वेळ तीच आणि पाठीवर डब्यासकट तीच सॅक.

आधी सीटची उंची टेपनं मोजून दोन्हीवर सेम करा, पेडलचे दांडे ज्याच्याभोवती फिरतात त्या मधल्या बोल्टापासून सीटच्या वरपर्यंत, आणि पेडलपण एकाच टाईपचे ठेवा. मग हवा. इथंच लोक गंडतात, २५ एमएम रुंदीच्या टायरला साधारण ८० ते ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते पण ३२ एमएमला सत्तर किलोच्या माणसाला ५५-६० पुरते, दोन्हीत सेम हवा भरली की जाड टायरची सायकल उगंच दगडासारखी वाटते आणि आपण फ्रेमला शिव्या घालत बसतो (मी आठवडाभर घातल्या). ॲल्युमिनियम कडक आणि स्टील मऊ असं सगळे सांगतात, पण खड्ड्यात जास्त फरक टायरनंच पडतो.

चढाला बघा, बसूनच चढते का उभं राहायला लागतंय. सिग्नलला ब्रेक मारून परत सुटताना कुठली पटकन उचलते तेपण बघा. घरी आल्यावर लगेच मोबाईलवर दोन ओळी टाईप करा, मनगट, मान, पाठ काय दुखलं ते, संध्याकाळी मिसळ खाल्ल्यावर सगळं विसरतंय.