धावण्यासाठी घरी ट्रेडमिल घेताय? आधी टेप, मग वायरमन, शेवटी दुकान

पावसानं जोर धरला की कोल्हापुरात धावणाऱ्यांची पंचाईत होते. रंकाळ्याच्या कडेची फरशी निसरडी होते, विद्यापीठाच्या आवारात पहाटे समोरचा माणूस दिसत नाही, आणि डबक्याखालचा खड्डा किती खोल आहे हे पाय मुरगळल्यावरच कळतं. त्यात सातारा हिल मॅरेथॉन मनात असेल तर तयारी नेमकी याच महिन्यांत करायची असते. मग घरात विषय निघतो, ट्रेडमिलच घेऊया का?

जरूर घ्या. फक्त एक गोष्ट पक्की डोक्यात असू द्या: ‘घरगुती ट्रेडमिल’ म्हणून दुकानात जे उभं असतं, त्यातलं बरंचसं चालण्यासाठी बनवलेलं असतं. त्यावर धावता येतं, पण फार दिवस नाही. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोर खाली जातो. हा जोर मोटर, पट्टा आणि त्याखालच्या फळीनं रोज सोसायचा असतो. स्क्रीन, स्पीकर आणि तयार प्रोग्राम यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि दुकानदार मात्र सुरुवात तिथूनच करतो.

१. आपला वेग कागदावर लिहा

आपण ‘सहाच्या पेसनं पळतो’, म्हणजे एका किलोमीटरला सहा मिनिटं, असं म्हणतो, ट्रेडमिल मात्र ताशी किलोमीटर दाखवते. हिशेब सोपा आहे: ६० भागिले पेस. एका किलोमीटरला ७ मिनिटं लागत असतील तर साधारण ८.६, ६ मिनिटांना १०, ५ मिनिटांना १२ आणि ४ मिनिटांना १५. तुमचा सर्वांत जोराचा वेग लिहा आणि त्यावर ताशी २-३ किलोमीटर वाढवा. मशीनचा कमाल वेग निदान तेवढा हवा. कमाल १२ च्या मशीनवर रोज १२ नं पळणं म्हणजे तिला कायम धापा टाकायला लावणं.

घरात आणखी कोण वापरणार, तेही इथेच लिहा. वजनाची मर्यादा घरातल्या सर्वांत वजनदार माणसापेक्षा किमान २० किलो जास्त असू द्या. ९० किलोच्या माणसानं १०० ची मर्यादा असलेलं मशीन घेऊ नये, विक्रेता कितीही ‘काही होत नाही ओ’ म्हणाला तरी.

२. टेप घेऊन घर मोजा

जागा म्हणजे फक्त मशीनची लांबी-रुंदी नव्हे. पट्ट्याच्या मागे दोन मीटर मोकळे हवेत, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर. टीव्ही दिसावा म्हणून मशीनची पाठ भिंतीला लावण्याची खोड सगळीकडे दिसते, आणि तीच सर्वांत धोक्याची. तोल गेला तर पट्टा माणसाला मागे फेकतो, आणि मागे भिंत असेल तर माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात सापडतो.

मग वर बघा. पट्टा जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर उंच असतो, धावताना शरीर थोडं उसळतं, आणि चढ दिला की पुढची बाजू आणखी वर जाते. तुमच्या उंचीवर किमान दीड फूट, चढ वापरणार असाल तर दोन फूट मोकळे ठेवा. लॉफ्टखाली मशीन बसवायचा विचार असेल तर तो इथेच संपतो. छताचा पंखाही विसरू नका. बरोबर डोक्यावर पंखा आणि चढावर उंच माणूस, ही जोडी जमत नाही.

आता मजला कोणता? धावण्यालायक मशीन साधारण ८० ते १०० किलो भरतं, काही त्याहून जड. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर ते चढवू नका. स्लॅबला वजनाची अडचण नाही, पण आवाजाची आहे. पहाटे पाचला तुमचं प्रत्येक पाऊल खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर पडतं. रबरी मॅटनं मशीनची थरथर कमी होते, पावलांचा दणका पूर्ण जात नाही. मशीन खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईजवळ, भिंतीच्या कडेला ठेवलं तर फरक पडतो.

आणि तळमजला असेल तर पंचगंगेला विचारात घ्या. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, रमणमळा, नागाळा पार्काचा सखल भाग इथल्या लोकांना २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगायला नकोत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की लोक फ्रीज-गाद्या वर न्यायला लागतात, ४३ ला धोका. अशा वेळी शंभर किलोची ट्रेडमिल जिन्यानं वर चढवायला कुणाला हाक मारणार? मोटर आणि तिला चालवणारा कंट्रोल बोर्ड तर अगदी खाली, जमिनीलगत असतात, म्हणजे घरात वीतभर पाणी आलं तरी मशीन गेलंच. पूररेषेत राहत असाल तर सुरुवातीपासूनच वरच्या मजल्यावर ठेवा, आणि खोक्याची लांबी विचारून जिन्याचं वळण मोजून घ्या. खोकं माणसापेक्षा उंच असू शकतं.

३. वायरमनला बोलवा, तेही खरेदीच्या आधी

मशीनला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट हवा, वेगळ्या एमसीबीवर (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंग तपासलेलं. गिझर आणि ट्रेडमिल एकाच लाइनवर नको. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. व्होल्टेज वरखाली होतं अशा भागात राहत असाल तर स्टॅबिलायझर घ्या, कारण विजेच्या धक्क्यानं मोटरच्या आधी कंट्रोल बोर्ड जळतो आणि सर्वांत महाग, सर्वांत उशिरा मिळणारा भाग तोच. घरच्या इन्व्हर्टरवर ट्रेडमिल लावू नका.

४. मोटर: मोठ्या आकड्यामागचा छोटा आकडा

इथे जरा थांबून वाचा. मोटरची ताकद दोन प्रकारे लिहितात. एक ‘पीक’, म्हणजे क्षणभर मिळणारी, आणि दुसरी ‘कंटिन्युअस’, म्हणजे सतत मिळणारी. खोक्यावर ठळक अक्षरात बहुतेक वेळा पहिली असते, आपल्याला कामाची दुसरी. चालायला सतत १.५ ते २ एचपी (हॉर्सपॉवर) पुरते, हलक्या जॉगिंगला २.५, आणि नियमित धावायला ३ किंवा जास्त.

विक्रेत्याला सततचा आकडा माहीत नसेल तर प्लग हातात घेऊन पिना बघा. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट, म्हणजे ६ एचपीला जवळजवळ साडेचार हजार वॉट लागतील. बारीक पिनांचा ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला १,३८० वॉटपर्यंतच देऊ शकतो, म्हणजे २ एचपीसुद्धा नाही. जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लगही ३,७०० वॉटच्या आतच. ‘सहा एचपी’चा स्टिकर आणि बारीक पिना एकाच मशीनवर दिसल्या तर काय समजायचं ते समजून जा.

डीसी की एसी? घरी डीसी बरी, आवाज कमी असतो. एसी मोटर दिवसभर चालणाऱ्या व्यायामशाळेसाठी.

५. पट्टा, फळी आणि चढ

धावायला पट्टा किमान ५० सेंटिमीटर रुंद आणि १४० लांब हवा. सहा फुटांच्या आसपासच्या माणसानं १५० च्या वर बघावं. ४० सेंटिमीटर रुंदीवर चालताना काही वाटत नाही, पण दमल्यावर पाय इकडेतिकडे पडायला लागतात तेव्हा कडेची पट्टी लागते.

चढ हातानं बदलायचा असेल तर धावताना तो बदलता येत नाही, हे ध्यानात घ्या. बटणावर चालणारा १० ते १५ टक्क्यांपर्यंतचा चढ मिळाला तर सातारा मॅरेथॉनच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटाची तयारी घरात होते. उतार मात्र बहुतेक घरगुती मशीनवर मिळत नाही, आणि साताऱ्यात मांड्या उतरतानाच बोलतात. तेवढ्यासाठी उघडीप मिळेल त्या रविवारी जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या रस्त्याला जावंच लागेल.

६. दुकानात बूट घालून जा

चप्पल घालून गेलं की माणूस दोन मिनिटं चालून ‘छान आहे’ म्हणतो. धावायचे बूट घाला आणि आपल्या वेगानं १५ मिनिटं पळा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे. पाऊल टेकताना पट्टा क्षणभर अडखळल्यासारखा वाटतो का? वेग वाढवल्यावर हँडल थरथरतात का? नंतर सर्वांत वजनदार माणसाला ताशी ३ किलोमीटरवर चालायला लावा. मंद वेगात जड माणूस ओढायला मोटरला खरा जोर लागतो, आणि कमजोर मोटर तिथे झटके देते.

वेग खरा आहे का, तेही तपासता येतं. पट्टा एक पूर्ण फेरा टेपनं मोजा, समजा ३ मीटर भरला. त्यावर खडूची रेघ मारा, वेग १० ला लावा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून २० फेऱ्यांना किती सेकंद लागले ते बघा. फेऱ्या गुणिले लांबी, भागिले सेकंद, गुणिले ३.६, हा झाला ताशी वेग. ३ मीटरच्या पट्ट्याला २० फेऱ्यांना साधारण साडेएकवीस सेकंद लागायला हवेत. हेच एकदा रिकाम्या पट्ट्यावर करा, एकदा त्यावर कुणी धावत असताना. दोन्हींत फार फरक आला तर मोटर वजनाखाली दबतेय.

७. बिल करण्याआधी दोन-चार प्रश्न

‘लाइफटाइम वॉरंटी’ बहुधा लोखंडी सांगाड्यावर असते, आणि सांगाडा सहसा मोडत नाही. मोटरवर किती वर्षं, बोर्डवर किती, कारागिराच्या भेटीचे पैसे वेगळे का, हे लेखी घ्या. कोल्हापुरात माणूस आहे की पुण्याहून येणार? पुण्याहून येणार असेल तर ‘उद्या येतो’चे किती दिवस होतात ते आपल्याला माहीत आहे. सांगाड्याचं वेल्डिंग, बेअरिंग, मोटरचं वाइंडिंग यासाठी आपली कारखान्यांची उद्यमनगरी खंबीर आहे. बोर्ड मात्र कंपनीकडूनच यावा लागतो. सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवणार असाल तर घरगुती वॉरंटी लागू होते का ते आधीच विचारा, बहुतेकदा होत नाही.

किमतीचं म्हणाल तर चालण्याची मशीन साधारण वीस-तीस हजारांत मिळतात. वर सांगितलेली मोटर आणि पट्टा हवा तर साठ हजारांच्या पुढची तयारी ठेवा. तेवढे नसतील तर कपडे वाळत घालण्यापुरती उरलेली कुणाची तरी चांगली ट्रेडमिल जुन्यात घ्या. ती बघताना पट्टा उचलून खालची फळी चाचपा. मधोमध गुळगुळीत चकाकी किंवा खोलगटपणा असेल तर पट्टा आणि फळीचा खर्च धरूनच भाव करा. वीस मिनिटं चालवून जळका वास येतो का तेही बघा. व्यायामशाळेतून निघालेलं मशीन स्वस्त दिसलं तरी त्याचा प्लग आणि वजन आधी विचारा.

८. घरी आल्यावर

सेफ्टी कीची (ओढली गेली की मशीन बंद करणारी किल्ली) क्लिप रोज बनियनला लावा, आणि धावून झाल्यावर की काढून कपाटात ठेवा. लहान मुलांची बोटं पट्ट्यात जाण्याचे अपघात मागच्या टोकाला होतात. सुरू करताना पाय कडेच्या पट्ट्यांवर ठेवा. लाइट जाईल तेव्हा पट्टा थांबतो, तुम्ही नाही, म्हणून हँडल हाताच्या अंतरावर असू द्या.

पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइलच घालायचं, तेही माहितीपुस्तकात सांगितलेल्या अंतरानं. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको. पावसाळ्यात मशीन गॅलरीत ठेवू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती चादर बरी. वापर नसला तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा.

नवा पट्टा पहिल्या काही आठवड्यांत ताणून एका बाजूला सरकतो. घाबरू नका. वेग ताशी ४-५ ठेवा, कुणी त्यावर उभं राहू नका, आणि मागे ज्या बाजूला पट्टा सरकलाय त्या बाजूचा बोल्ट एलन कीनं (सहा कोनांच्या किल्लीनं) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा फिरवा. मिनिटभर थांबून बघा, लागला तर आणखी पाव. एकदम पूर्ण फेरा दिला तर पट्टा दुसऱ्या कडेला जाऊन घासायला लागतो, तसं झालं तर तोच बोल्ट थोडा मागे घ्या.