तेरावं नाणं: कोडी सोडवताना आणि पाठवताना या चुका टाळा

गेल्या आठवड्यात बारा नाण्यांचं कोडं पुन्हा एकदा माझ्याकडे आलं. ‘१२ नाणी आहेत, एक खोटं आहे, तराजू तीनदाच वापरायचा. खोटं नाणं शोधा.’ बस, एवढंच. खोटं नाणं जड आहे की हलकं, हे आपल्याला ठाऊक आहे की नाही, याचा पत्ताच नाही. हलकं असल्याचं ठाऊक असेल, तर तीन वजनांत बाराच काय, २७ नाण्यांतूनही ते सापडतं. ठाऊक नसेल, तर हेच कोडं रात्रभर जागवतं. पाठवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘ते काय, समजून घ्यायचं.’

कोड्यात असं काही समजून घ्यायचं नसतं. सोडवणाऱ्याच्या हातात फक्त तुमचे शब्द असतात. गेली कित्येक वर्षं मी कोडी जमवतोय, सोडवतोय, लोकांना घालतोय. त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून हे लिहायला घेतलं.

अट गाळू नका

तीन दारांचं कोडं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. एका दारामागे गाडी, दोन दारांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, सूत्रधार उरलेल्यांपैकी एक उघडून बकरी दाखवतो आणि विचारतो, निवड बदलायची का? स्टीव्ह सेल्विन या संख्याशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हे मांडलं. १९९० मध्ये अमेरिकन स्तंभलेखिका मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात ‘बदला’ असं उत्तर दिलं, तेव्हा सुमारे दहा हजार पत्रं आली. बरीचशी त्यांना चूक ठरवणारी होती, आणि लिहिणाऱ्यांत गणितातले पीएचडीही होते.

उत्तर बरोबरच आहे, पण एका अटीवर. गाडी कुठे आहे हे सूत्रधाराला ठाऊक हवं आणि त्याने दर वेळी बकरीचंच दार उघडायला हवं. नेमकं हेच वाक्य पाठवणारे खुशाल गाळतात. त्याने काय बिघडतं ते ३०० डाव मांडून बघा. साधारण १०० डावांत तुमची पहिली निवडच बरोबर असते, २०० डावांत चुकीची. सूत्रधाराला सगळं ठाऊक असेल, तर त्या २०० च्या २०० डावांत निवड बदलणारा जिंकतो. पण सूत्रधार डोळे मिटून दार उघडत असेल, तर त्या २०० पैकी जवळपास १०० वेळा तो गाडीचंच दार उघडून बसतो आणि ते डाव बाद होतात. बकरी दिसली असे डाव उरतात २००. त्यांतल्या १०० मध्ये बदलून फायदा, १०० मध्ये तोटा. म्हणजे निम्मं-निम्मं. एक वाक्य गळलं आणि दोन तृतीयांशाचं एक द्वितीयांश झालं! मग ग्रुपमध्ये लोक दोन दिवस तावातावाने भांडतात. दोन्ही बाजू बरोबर असतात, कारण त्या दोन वेगळी कोडी सोडवत असतात.

गणितज्ञ कापरेकरांच्या ६१७४ चे हालही असेच होतात. द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये दाखवून दिलेली ही गंमत मला फार प्रिय आहे. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. पण चारही अंक सारखे नकोत, आणि वजाबाकीच्या उत्तरात सुरुवातीला शून्य आलं तर ते गाळायचं नाही, हे सांगावंच लागतं. २१११ घेऊन बघा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. शून्य राखून ०९९९ लिहिलंत तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. शून्य गाळलंत तर ९९९ वजा ९९९, खेळ खलास. ज्याचा खेळ असा खलास होतो, तो ‘हे काही खरं नाही’ म्हणून कागद बाजूला सारतो. एवढी सुंदर गोष्ट एका शून्यापायी वाया जाते.

माझी सवय सांगतो. कोडं लिहून झालं की मी ते वाकड्यात शिरणाऱ्या माणसासारखं वाचतो. कुठल्या शब्दाचा दुसरा अर्थ लावता येईल? काय सांगायचं राहिलं? पाच मिनिटं लागतात, पण पुढचे पन्नास खुलासे वाचतात.

आकडे बदलून पाठवू नका

याचा मला मनापासून राग आहे, आणि त्याला कारण आहे.

एका ग्रुपमध्ये कुणीतरी बारा नाण्यांच्या कोड्यात बाराचे तेरा केले. ‘बाराचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे, जरा अवघड करू’ एवढाच विचार. प्रश्न मूळ कोड्यातलाच होता: तीन वजनांत खोटं नाणं शोधा, आणि ते जड की हलकं तेही सांगा. मी बसलो. हिशेब मांडला तर जमेलसं वाटलं. १३ नाणी, प्रत्येक एक तर जड किंवा हलकं, म्हणजे २६ शक्यता. तराजूचा निकाल तीनच प्रकारचा असतो: डावं पारडं खाली, उजवं खाली, किंवा दोन्ही समान. तीन वजनांचे मिळून ३ × ३ × ३ म्हणजे २७ निकाल. २६ शक्यता, २७ निकाल. बसायला हवं.

तीन संध्याकाळी गेल्या. कागदांचा ढीग झाला, आणि दर वेळी गाडी एकाच जागी अडायची. चौथ्या दिवशी मी बाकी सगळं सोडून फक्त पहिल्या वजनाचा हिशेब केला. पहिल्या वजनानंतर दोन वजनं उरतात, म्हणजे नऊच निकाल. दोन्ही पारड्यांत चार-चार ठेवली आणि तराजू समान राहिला, तर बाहेर पाच नाणी, प्रत्येक जड किंवा हलकं: दहा शक्यता. पाच-पाच ठेवली आणि पारडं झुकलं, तर खालच्या पाचांपैकी एक जड किंवा वरच्या पाचांपैकी एक हलकं: पुन्हा दहा. चारपेक्षा कमी किंवा पाचपेक्षा जास्त ठेवली तर आणखी वाईट. नवात दहा बसत नाहीत. कोडं सुटणारंच नव्हतं.

माझ्या तीन संध्याकाळींचं मला काही वाटत नाही, त्यातून मी शिकलो. पण त्याच ग्रुपात एक शाळकरी मुलगी होती. दोन दिवस धडपडून तिने लिहिलं, ‘मला हे जमत नाही, गणित माझा विषय नाही.’ आणि ज्याने आकडा बदलला होता, त्याने स्वतः ते एकदाही सोडवून पाहिलं नव्हतं. तिला मी हा हिशेब लिहून पाठवला आणि सोबत दुरुस्त केलेलं कोडं: १३ नाणी तीच, पण जोडीला खात्रीचं एक खरं नाणं. आता एका पारड्यात पाच, दुसऱ्यात चार आणि ते खरं नाणं ठेवा. झुकलं तर नऊ शक्यता, समान राहिलं तर चार नाण्यांच्या आठ. दोन्ही नवात बसतात. तिने तिथून पुढचं सगळं स्वतः सोडवलं.

त्या दिवसापासून माझा नियम पक्का आहे. कोड्यातला एक आकडा जरी बदलला, तरी ते शेवटापर्यंत कागदावर सोडवायचं, एक रात्र तसंच ठेवायचं, सकाळी पुन्हा तपासायचं आणि मगच पाठवायचं. एवढा धीर नसेल तर मूळ कोडं जसंच्या तसं पाठवा, त्यात काही कमीपणा नाही.

आणि सोडवणाऱ्यांनीही ‘हे सुटत नाही’ हे उत्तर असू शकतं, हे लक्षात ठेवावं. १५ चौकटींच्या सरकत्या कोड्यात (४ × ४ च्या खोक्यात १ ते १५ आकड्यांच्या चौकटी, एक जागा रिकामी) फक्त १४ आणि १५ ची अदलाबदल करून दाखवा म्हणून लोक वेडे झाले होते. ते अशक्य असल्याचं जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी १८७९ मध्येच सिद्ध केलं होतं. फक्त अशक्य म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. ‘मला सुटलं नाही’ हे कारण नव्हे.

पाठवणाऱ्यांच्या बाकी चुका, थोडक्यात

कोडं आणि उत्तर एकाच मेसेजात पाठवू नका. डोळा खाली जातोच.

८ ÷ २(२ + २) सारखे प्रश्न पाठवू नका. २०१९ मध्ये यावर जगभर वाद झाला, १ की १६? लिहिणाऱ्याने एक कंस जास्त घातला असता तर वादच नव्हता. ही लेखनातली हयगय आहे, हिला कोडं म्हणवत नाही.

‘आइन्स्टाइनने लहानपणी रचलेलं कोडं’ असं म्हणत पाच घरांचं कोडं फिरवू नका. त्याला कसलाही पुरावा नाही.

‘हे तर पाचवीच्या मुलांचं’ असं लिहू नका. २०१५ मध्ये चेरिलच्या वाढदिवसाचं कोडं सिंगापूरच्या एका टीव्ही निवेदकाने असंच पाचवीचं म्हणून टाकलं आणि मोठमोठ्यांना न्यूनगंड आला. प्रत्यक्षात ते गणित ऑलिम्पियाड स्पर्धेचं होतं, १४-१५ वर्षांच्या हुशार मुलांसाठी.

‘१, २, ४, ८, १६, पुढे काय?’ एवढंच विचारू नका. ३२ म्हणणारा बरोबर आहेच. पण वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडा आणि आतले भाग मोजा. एका बिंदूला १, मग २, ४, ८, १६, आणि सहा बिंदूंना ३१. तेही तीन रेषा एका ठिकाणी छेदत नसतील तरच, सुबक षटकोन काढलात तर ३०. नियम कुठून येतो हे न सांगता पुढची संख्या विचारणं म्हणजे मनातलं ओळखायला लावणं.

सोडवणाऱ्यांनो, जरा थांबा

पहिलं सुचलेलं उत्तर लगेच ओरडू नका. तळ्यातली वेल रोज दुप्पट होते, ४८ दिवसांत तळं भरतं, तर अर्धं कधी भरलं? ‘२४’ तोंडातून निसटतंच. शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये विचारपद्धती तपासायला वापरलेल्या तीन प्रश्नांपैकी हा एक. उत्तर ४७. मी आलेलं उत्तर कोड्यात परत घालून बघतो: ४७ व्या दिवशी अर्धं, उद्या दुप्पट, म्हणजे पूर्ण. जुळलं.

कोड्यात खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे असतील तर डोक्यात करू नका, तक्ता काढा. दर वेळी.

आणि उत्तर बघू नका. दहा मिनिटांत उत्तर मागणाऱ्यांना मी देत नाही, मग कुणी रागावलं तरी चालेल. उत्तर वाचून ‘हां, असं होय’ म्हणण्यात हाताला काही लागत नाही, पुढच्या वेळी तेच कोडं तितकंच अवघड जातं. अडलात तर कोडं लहान करा. १०० दारं आहेत, पहिला माणूस सगळी उघडतो, दुसरा दर दुसऱ्याची स्थिती बदलतो, तिसरा दर तिसऱ्याची, असं शंभराव्यापर्यंत. शेवटी कुठली उघडी? शंभराच्या मागे लागू नका, दहाच दारं घ्या आणि खरोखर खुणा करा. १, ४, ९ उघडी राहिलेली दिसतात आणि वर्गसंख्या आपसूक समोर येतात. मग ‘वर्गसंख्याच का?’ हा खरा प्रश्न सुरू होतो. विभाजकांच्या जोड्या लावून बघा.

दुसऱ्याला मदत करताना मी उत्तराऐवजी एक प्रश्न देतो. गेल्या आठवड्यातल्या त्या अर्धवट कोड्यात राहिलेली अट (खोटं नाणं जड की हलकं, ते ठाऊक नाही) मीच घातली, तेव्हा एकजण सहा-सहाचं वजन करून अडला होता. मी एवढंच विचारलं, ‘पहिल्या वजनाला किती नाणी बाहेर ठेवलीस?’ त्याने ‘म्हणजे?’ विचारलं, मी उत्तर दिलं नाही. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, एकच शब्द: ‘चार!’ आणि त्याच्याखाली वहीच्या पानाचा फोटो, तिन्ही वजनांचा पूर्ण तक्ता काढलेला.