प्री-ऑर्डरचं बटण दाबण्याआधी
‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम आला १० डिसेंबर २०२० ला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती. सोनीच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) या कन्सोलवर गेम अडखळायचा, मध्येच बंद पडायचा. डिसेंबरातच सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला. त्याच कंपनीच्या आधीच्या ‘विचर ३’ गेमवर जीव टाकणाऱ्यांना हे फार लागलं, आणि ते रास्तच होतं.

म्हणून प्री-ऑर्डर, म्हणजे गेम येण्याआधीच तो विकत घेणं, नकोच. डिजिटल प्रती काही संपत नाहीत. तुमच्याकडे आहे त्याच मशीनवर खेळाडूंनी केलेलं चित्रण बघा, तेही गर्दीच्या रस्त्यावरून गाडी सुसाट जाते तिथलं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर खरेदीपासून १४ दिवसांत, २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर परतावा मिळतो. गेम उघडून सेटिंग्जमध्ये घालवलेला वेळही त्यात धरला जातो. पात्राचा चेहरा सजवत बसू नका, थेट गर्दीत शिरा.