कायद्यातली व्याख्या वाचताना या चुका टाळा

विड्याचं पान ही भाजी आहे का? हा वाद १९६१ साली थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विक्रीकर कायद्यात भाज्यांना करमाफी होती. अकोल्यात पानांचा व्यापार करणाऱ्याचं म्हणणं असं की इंग्रजी 'व्हेजिटेबल' या शब्दात कोशाप्रमाणे वनस्पतीपासून मिळणारं सगळंच येतं, मग पानावर कर कसला? रामावतार बुधईप्रसाद खटल्यात न्यायालयाने शब्दकोश आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही बाजूला ठेवलं. रोजच्या बोलण्यात, बाजारात, जेवणाच्या ताटात ज्याला भाजी म्हणतात तीच भाजी. पान त्यात बसलं नाही आणि कर भरावा लागला.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल पाठ असतो, पण अर्धाच. त्याच कायद्याच्या परिशिष्टात आधी विड्याच्या पानांची वेगळी नोंद होती आणि नंतर दुरुस्तीने ती काढून टाकली होती. भाजीत पान येतच असतं, तर वेगळी नोंद केलीच कशाला असती? हा मुद्दाही निकालात वजनदार होता. शिवाय रूढ अर्थाची ही कसोटी कायद्याने स्वतः व्याख्या दिलेली नसते तेव्हाच लावायची असते. कायद्याने शब्दाचा अर्थ सांगून ठेवला असेल, तर 'लोक काय म्हणतात' हा युक्तिवाद न्यायाधीश पहिल्या दोन मिनिटांतच थांबवतात.

'म्हणजे' आणि 'यात समावेश होतो' यांत गल्लत

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. व्याख्येतल्या नामाकडे सगळे बघतात, क्रियापदाकडे कोणी बघत नाही. 'अमुक म्हणजे तमुक' असं लिहिलं असेल तर व्याख्या बंदिस्त असते, तिच्या बाहेरचं काही आत घेता येत नाही. 'यात अमुकचा समावेश होतो' असं असेल तर शब्दाचा नेहमीचा अर्थ कायम राहतो आणि वर आणखी काही जोडलं जातं. समावेशक यादी दाखवून 'आमच्या अशिलाचं नाव यादीत आहे, समोरच्याचं नाही, म्हणून तो बाहेर' असं म्हणणं चुकीचं आहे. यादीत नाव नसलं तरी नेहमीच्या अर्थाने तो आत असू शकतो.

१९६० सालचा हॉस्पिटल मजदूर सभा खटला यासाठी वाचावा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातल्या वॉर्डमधल्या सेवकांना कामावरून कमी केलं होतं. रुग्णालय हा औद्योगिक विवाद कायद्याखाली 'उद्योग' आहे का, हा प्रश्न होता. त्या व्याख्येचा पहिला भाग 'म्हणजे'चा आणि दुसरा भाग समावेशाचा. आजूबाजूच्या शब्दांच्या संगतीने एखाद्या शब्दाचा अर्थ आकसतो, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या निकालात तो मानला गेला नाही. विधिमंडळाने मुद्दाम रुंद शब्द वापरले असतील, तर शेजारच्या शब्दांचा दोर लावून ते आवळायचे नाहीत.

आता खरा गोंधळ. काही व्याख्यांत 'म्हणजे' आणि 'यात समावेश होतो' हे दोन्ही एका दमात येतात. अशी व्याख्या साधारणपणे बंदिस्तच धरतात. तंबाखूचं बी म्हणजे तंबाखू का, हा प्रश्न महालक्ष्मी ऑइल मिल्सच्या खटल्यात १९८९ साली आला. व्याख्येत तंबाखूची सगळी रूपं आणि पानांचे देठ वगैरे सांगितले होते, बियांचा उल्लेख नव्हता. न्यायालय म्हणालं, बी त्यात येत नाही. समावेशाचा भाग आहे म्हणून व्याख्या आपोआप सैल होते, असं समजू नये.

सुरुवातीचे शब्द गाळणे

व्याख्यांचं कलम बहुधा 'संदर्भानुसार अन्यथा आवश्यक नसेल तर' अशा धाटणीच्या शब्दांनी सुरू होतं. अर्जात व्याख्या उतरवताना नेमका हाच तुकडा गळतो आणि मग वाटतं, व्याख्या सगळीकडे सारखीच लागू आहे. व्हॅनगार्ड फायर विमा कंपनीचं प्रकरण (१९६०) बघा. विमा कायद्यात 'विमाकार' म्हणजे विम्याचा धंदा करणारा. चौकशीचा आदेश आला, तेव्हा कंपनीने धंदा बंद केल्याचं सांगितलं. म्हणजे आम्ही विमाकार उरलोच नाही! न्यायालयाने ज्या कलमाखाली चौकशी होती, त्याचा हेतू पाहिला आणि धंदा बंद केलेली कंपनीही त्या कलमापुरती विमाकारच ठरवली. तसं नसतं तर घोटाळा करायचा आणि दुकानाला कुलूप लावायचं, इतकी सोपी वाट मोकळी राहिली असती.

पण संदर्भाची ही वाट अपवादाची आहे. व्याख्या आपल्याला गैरसोयीची आहे एवढ्यावर 'संदर्भ वेगळा आहे' म्हणता येत नाही. ज्या कलमात तो शब्द आलाय तिथे व्याख्या बसवली तर कलम निरर्थक होतं किंवा त्याचा हेतूच बुडतो, हे दाखवून द्यावं लागतं.

शेजारच्या कायद्यातून व्याख्या उसनी आणणे

'सद्भाव' हा शब्द घ्या. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमानुसार (जनरल क्लॉजेस अॅक्ट, कायद्यांत नेहमी येणाऱ्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा) एखादी गोष्ट प्रामाणिकपणे केलेली असली की ती सद्भावाने केली असं मानतात, मग ती करताना निष्काळजीपणा झालेला असला तरी. भारतीय न्याय संहितेत, आणि त्याआधी दंड संहितेतही, याच्या उलट आहे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाची नव्हेच. मुदतीच्या कायद्यातही काळजी लागतेच. शब्द एकच, पण एकात निष्काळजी माणूस सुटतो आणि दुसऱ्यात अडकतो. कोणत्या कायद्याखाली लढतोय हे न बघता व्याख्या चिकटवली की काय होईल, ते यावरून कळावं.

म्हणून न्यायालयं सांगत आली आहेत की एका कायद्यातली व्याख्या दुसऱ्याला लावणं धोक्याचं आहे. दोन्ही कायदे एकाच विषयाचे असतील, किंवा कायद्यानेच दुसऱ्याकडे बोट दाखवलं असेल, तर गोष्ट वेगळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, तसं स्पष्ट लिहिलंय: इथे व्याख्या नसलेले, पण माहिती तंत्रज्ञान अधिनियमात आणि न्याय संहितेत असलेले शब्द त्याच अर्थाने घ्यायचे. असा पूल कायद्याने बांधलेला असेल तर त्यावरून जा. आपण होऊन बांधू नका.

सामान्य वाक्खंड अधिनियम मात्र केंद्रीय कायद्यांच्या मागे कायम उभा असतो आणि तो उघडून बघायचा राहतो ही उलटी चूक. 'महिना' म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना, हे तिथेच आहे. लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याची मुदत सांगणाऱ्या लवाद कायद्याच्या कलम ३४(३) मध्ये एका ठिकाणी 'तीन महिने' आणि दुसऱ्या ठिकाणी 'तीस दिवस' लिहिलंय. तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल टेक्नो इंजिनिअर्सच्या प्रकरणात २०१० साली सांगितलं. मुदतीच्या काठावरच्या प्रकरणात एक-दोन दिवसांच्या फरकाने सगळा दावा जातो. राज्याच्या कायद्यासाठी राज्याचा स्वतंत्र वाक्खंड अधिनियम बघायचा, केंद्राचा नव्हे.

बेअर अॅक्ट (कायद्याचा नुसता मजकूर) उघडला, निकाल बघितले नाहीत

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५. यातल्या दोन व्याख्यांनी जितकी तारांबळ उडवली तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या व्याख्यांनी उडवली असेल.

पहिली कलम २(एस), 'सामायिक घर'. बत्रा खटल्यात २००६ साली दोन न्यायमूर्तींनी सांगितलं की घर नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं, किंवा तो सभासद असलेल्या एकत्र कुटुंबाचं हवं. सासूच्या नावावरच्या घरात सुनेला हक्क नाही. पुढे वर्षानुवर्षं सुनांचे अर्ज या एका निकालावर फेटाळले गेले. २०२० साली सतीशचंद्र आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी बत्रा निकाल चुकीचा ठरवला. सासऱ्याच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं. मात्र चार दिवस पाहुणी म्हणून राहिलेलं कुठलंही घर त्यात येत नाही, राहण्यात काही स्थैर्य हवं, हेही त्याच निकालात आहे. सुनेच्या वकिलांना हा दुसरा भाग आठवत नाही, सासऱ्याच्या वकिलांना पहिला!

दुसरी कलम २(क्यू), 'उत्तरवादी', म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो तो. मूळ व्याख्या 'कोणतीही प्रौढ पुरुष व्यक्ती' अशी सुरू होते. हिरल हरसोरा प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'प्रौढ पुरुष' हे शब्दच काढून टाकले आणि त्यामागचं परंतुकही (व्याख्येला जोडलेली 'परंतु...'ची पुस्ती) रद्द केलं. तुमच्या कपाटातल्या प्रतीत ते शब्द अजून छापलेले असतील, आणि तळटीप नसेल तर सासूविरुद्धचा अर्ज चालत नाही असं वाटून तुम्ही अशिलाला परत पाठवाल.

हवाला देताना

हेडनोट हा निकालाचा भाग नसतो. तो संपादकाने लिहिलेला सारांश असतो. परिच्छेद क्रमांक द्या आणि तो स्वतः वाचलेला असू द्या. त्या परिच्छेदात न्यायालय स्वतःचं मत मांडतंय की पराभूत पक्षाचा युक्तिवाद नोंदवतंय, हे तपासा. युक्तिवाद उचलून निर्णय म्हणून सादर करणारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत, आणि सुरुवातीच्या वर्षांत एकदा मीही त्यांतला होतो. समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी शांतपणे पुढचंच वाक्य वाचून दाखवलं.

नुसतं 'कलम २' पुरेसं नाही, खंड आणि उपखंडही लिहा. व्याख्या नेहमी कलम २ मध्येच असतात असंही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात त्या कलम ७ मध्ये आहेत. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांना तटस्थ सायटेशन, म्हणजे न्यायालयाचा स्वतःचा संदर्भ क्रमांक, मिळतं, ते द्यावं म्हणजे कोणत्याही नियतकालिकाशिवाय निकाल सापडतो. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांसाठी जुन्या दंड संहितेतली व्याख्या देऊ नका. तिथे ६ ते ५२अ अशा विखुरलेल्या व्याख्या आता न्याय संहितेच्या कलम २ मध्ये एकत्र आहेत, आणि काही ठिकाणी शब्दही बदललेत.

एवढं करूनही अर्थ अडला, तर एक जुना उपाय आहे. ज्या कलमावर हक्क मागताय ते कागदावर लिहा, शब्दाच्या जागी त्याची संपूर्ण व्याख्या घाला आणि मोठ्याने वाचा. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यातलं 'चटई क्षेत्र' (कार्पेट एरिया) घेऊन बघा. आतल्या भिंतींची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, फ्लॅटची स्वतःची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि खुली गच्ची धरली जात नाही. बिल्डरने दिलेल्या करारातला आकडा या वाक्यात घालून वाचला की बाल्कनी कुठे मोजली गेली ते लगेच दिसतं.