रेझिन कूलर चोक व्हायचा, शेवटी काय केलं ते सांगतो

आमच्याकडे अल्कीड रेझिन (ऑइल पेंटमध्ये लागणारा चिकट, घट्ट पदार्थ) बनतं, महाड एमआयडीसीत. रिॲक्टरमधून २४० डिग्रीला निघतं, ते थिनरमध्ये सोडायच्या आधी १६० पर्यंत आणायचं असतं. जुना कूलर शेल अँड ट्यूब, म्हणजे एका मोठ्या नळकांड्यात (शेल) बारीक नळ्यांचा (ट्यूब) जुडगा; रेझिन ट्यूबमध्ये आणि शेलला कूलिंग टॉवरचं ३० डिग्रीचं पाणी. दर दोन-तीन बॅचनंतर प्रेशर चढायचं. सगळे म्हणायचे गार करणारा एरिया कमी पडतोय, मोठा घ्या.

कव्हर उघडून पाहिलं तर वरच्या ट्यूब मोकळ्या आणि खालच्यांत काकवीसारखा घट्ट थर, खिळ्याने खरवडला तरी निघेना! तेव्हा कळलं, गार भिंतीला टेकलं की रेझिन तिथंच घट्ट होतं, मग त्या ट्यूबमधला फ्लो कमी, ती अजून गार, आणि सगळा माल उरलेल्या ट्यूबमधून पळतो. मोठा कूलर घेतला असता तर वेग आणखी पडला असता, म्हणजे त्रास वाढलाच असता.

मग पाणी बंद करून १३० डिग्रीचं थर्मिक ऑइल (उष्णता वाहून नेणारं तेल) फिरवलं, भिंत गरम राहिली पाहिजे हो, हेच मुख्य. नवीन कूलरमध्ये रेझिन शेलमध्ये घेतलं कारण बॅफलमुळे (शेलमधल्या आडव्या पाट्या) ते सतत ढवळलं जातं, बंडल (ट्यूबचा जुडगा) बाहेर ओढता येणारं आणि ट्यूब चौकोनी पिचवर (सरळ उभ्या-आडव्या ओळींत), म्हणजे मधून साफ करता येतं. प्लेटवाला कूलर (ट्यूबऐवजी पातळ पत्रे एकावर एक लावलेला) स्वस्त होता पण त्यातलं ईपीडीएम रबराचं गॅस्केट (सील) २४० ला टिकत नाही.

आता प्रेशर स्थिर आहे.