पऱ्हाटीचा पैसा आणि युरोपचा व्हिसा

युरोपला पहिल्यांदा जायचं तर आपल्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यासाठी एप्रिल-मे बरा. पऱ्हाटी उपटून झालेली असते, मिरग लागायला वेळ असतो, आणि इकडे पारा ४५ला टेकलेला असताना तिकडे स्वेटर लागतो.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. कापूस-तुरीचे पैसे खात्यात आले की जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा. इथेच शेतकऱ्याची खरी अडचण होते. पगारदाराच्या खात्यात दर महिन्याला रक्कम दिसते, आपल्या खात्यात वर्षभर शुकशुकाट आणि एकदम तीन-चार लाख! व्हिसासाठी खातं तपासणाऱ्याला वाटतं, उसने आणून टाकले. म्हणून बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या विक्री पावत्या, सातबारा आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडा. पीक कोणत्या महिन्यात विकलं जातं, हे सोबतच्या पत्रात दोन ओळींत सांगा. सातबाऱ्यावर ‘बाळू’ आणि पासपोर्टवर ‘बाळकृष्ण’ असेल, तर तेही आधीच निस्तरा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. जिथे जास्त रात्री मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज. लंडन यात येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा. पहिल्या खेपेला ते सोडाच.

आणि सात दिवसांत सात देश दाखवणाऱ्या टूरच्या नादी लागू नका, अर्धा वेळ बसमध्येच जातो.