परदेशी ट्रकांच्या वादात पडायचंय? आधी विचारा, भाडं कुठून कुठे

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर चार गाडीवाले जमले की विषय फिरून तिथेच येतो, उद्या बाहेरच्या देशातल्या गाड्या आपल्या हायवेवर आल्या तर आपण करायचं काय. माझं घर पण गाडीच्या भाड्यावरच चालतं त्यामुळे ही भीती मला कळते, आणि म्हणूनच सांगतो, समोरचा काही बोलला की आधी एकच विचारा, माल भरणार कुठे आणि उतरवणार कुठे?

आपल्याकडचंच बघा ना. केए म्हणजे कर्नाटक पासिंगची नॅशनल परमिटवाली गाडी हुबळीचा माल घेऊन चिपळूणला आली, जाताना हुबळीचं रिटर्न भाडं घेऊन गेली तर तो तिचा हक्क आहे. पण तीच गाडी आपल्याच जिल्ह्यात जयगडला भरून लोट्याला उतरवायला लागली तर ते नियमात बसत नाही, कारण त्या परमिटवर दुसऱ्याच्या राज्यातल्या राज्यात भाडं मारता येत नाही. देशांचंही असंच असतं. १५ जून २०१५ ला थिंफूला भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतानने गाड्यांच्या करारावर सह्या केल्या, त्यातसुद्धा दुसऱ्या देशातलं लोकल भाडं मारायला बंदीच आहे. मीटिंगमध्ये हे कोणी बोलतच नाही!

आता अमेरिकेचं उदाहरण हमखास निघतं तर ते नीट माहीत असू दे. नाफ्टा म्हणजे अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचा व्यापार करार १९९४ ला लागू झाला, मेक्सिकोच्या ट्रकांना डिसेंबर १९९५ पासून अमेरिकेच्या सीमेवरच्या राज्यांत सोडायचं ठरलेलं, क्लिंटन सरकारने ऐनवेळी थांबवलं. मग गाड्या सीमेजवळच्या पट्ट्यातच, पुढे माल दुसऱ्या ट्रकवर चढवायचा. टीमस्टर्स ही ड्रायव्हरांची युनियन म्हणायची गाड्या सुरक्षित नाहीत आणि आमची कामं जातील. २००७ ला मेक्सिकन गाड्या आत सोडून बघायची चाचणी सुरू झाली, मार्च २००९ ला अमेरिकन संसदेने तिचे पैसेच बंद केले, तर मेक्सिकोने सुमारे २.४ अब्ज डॉलरच्या अमेरिकन मालावर जादा कर लावला, त्यात द्राक्षं आणि फ्रोझन बटाटे पण होते. म्हणजे भांडण ट्रकचं आणि मार बसला बागायतदाराला, आपल्या आंबेवाल्यांनी हे खास लक्षात ठेवावं. शेवटी २०११ ला समझोता झाला आणि मेक्सिकोने कर मागे घेतले, पण अमेरिकेतल्या अमेरिकेत भाडं मारायला मेक्सिकन गाडीला तेव्हाही परवानगी नव्हती.

दुसरं म्हणजे सेफ्टी आणि पोट हे दोन मुद्दे वेगळे मांडा. परशुराम घाटात ब्रेक गेला तर गाडी कुठल्या देशाची हे कोण बघत बसणार, म्हणून फिटनेस, इन्शुरन्स, ड्रायव्हरचे तास याची मागणी सगळ्यांना सारखीच करा, आपल्या स्वतःच्या गाड्यांनाही. आणि पोटाचा मुद्दा असेल तर तो सरळ पोटाचा म्हणून मांडा, त्यात लाज कसली. निवेदनात स्पष्ट लिहा की लोकल भाड्याची बंदी कायम राहिली पाहिजे, ती मोडली तर दंड किती, आणि अपघात झाला तर भरपाईचा दावा इथल्याच कोर्टात चालला पाहिजे.

आणि तक्रार करायची तर नुसता नंबरप्लेटचा फोटो ग्रुपवर टाकून काही होत नाही. मालासोबत जीएसटीचं ई-वे बिल असतं, त्यावर माल कुठून निघाला कुठे चालला ते लिहिलेलं असतं, लोडिंगची जागा आणि तारीख लिहून घ्या आणि आरटीओला लेखी द्या, ते बिल तपासायला सांगा. ड्रायव्हरशी मात्र भांडू नका हां, तो पगारी माणूस, दोन रात्री जागून आलेला असतो, भाडं ठरवणारा भलतीकडेच बसलेला असतो.